खंडाळ्याच्या नाक्यावर तू उतरलीस

अक्का,

तुझं दहावं झालं. इंद्रायणीच्या काठावर रामानं सगळं मनापासून केलं. सावत्र मुलगा हे करतोय असं कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. घाटावर बायका तुझ्याबद्दल बोलत होत्या. "लय सोसलं सगुणाबाईनं. लहान भनीपायी लगीन मोडलं, बिजवराला दिली, पोटी पोर न्हाई, पर कदी तोंडातनं शब्द काडला न्हाई." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती लहान बहीण म्हणजे मी. मी खाली मान घालून ऐकत बसले. तू असतीस तर तिथंच फटकारलं असतंस. "कोन म्हनलं सोसलं? मला इचारलं व्हतं का?"

तुझी आठवण काढायला बसले की मला तुझं सासरचं आंबीचं घर आठवत नाही, आपलं बेडशाचंही नाही. मला रस्ता आठवतो. भात झोडून झालं, पेंढ्याच्या गंजी रचून झाल्या, की आबा गाडी जुंपायचे आणि आपण मामाकडे खोपोलीला निघायचो. कामशेत, कार्ला, लोणावळा, खंडाळा, मग घाट. मामासाठी आंबेमोहोराचं पोतं, आईच्या मांडीवर तुपाचं गाडगं. गाडीच्या मागच्या तोंडाशी पाय बाहेर सोडून तू बसायचीस आणि मला कमरेला धरून तुझ्या पुढ्यात बसवायचीस.

लोणावळ्याच्या वेशीवर जकातीचा नाका होता. शिपाई येऊन पोत्यात लोखंडी सळई खुपसायचा. पोत्यात काय आहे ते आबा आधीच सांगायचे, तरी खुपसायचाच. आबा घरी केवढ्यानं बोलायचे, शेतातून हाक मारली तर डोंगरावरच्या लेण्यांपर्यंत जाईल. आणि नाक्यावर त्यांचा आवाजच जायचा. गाडीवरून उतरून, पागोटं सारखं करून त्या साध्या शिपायाला ते "सायब" म्हणायचे.  एकदा मी तुला विचारलं होतं, "अक्के, रस्ता त्याच्या बापाचा हाय का गं?"

तू म्हणालीस, "रस्ता कुनाचाच न्हाई. आडवायचं काम त्याचं हाय."

मला ते कळलं नाही. पुढे फार लवकर कळलं.

त्या साली पुण्याकडे पुन्हा प्लेग आला होता. बेडशात तोवर काही नव्हतं, पण लोक उंदीर मेलेला दिसला तरी घर सोडून शेतात झोपड्या घालत होते. तुझं लग्न ठरलेलं होतं. साखरपुडा मामाच्याच घरी झाला होता, नवरदेवाचं गाव खोपोलीच्या पलीकडे. लग्न त्यांच्या दारात व्हायचं होतं, म्हणून आपण भांडीकुंडी, लुगडी, तांदूळ घेऊन आधी मामाकडे निघालो. बाकीची माणसं मागून येणार होती. तू तेरा वर्षांची होतीस, मी सहा-सात. किसन आईच्या अंगावर पीत होता. त्या दिवशी तू कामशेत सोडल्यापासून एक शब्द बोलली नाहीस. नवऱ्या गप्प असतात एवढंच मला ठाऊक होतं. माझी काख ठणकत होती, अंगात कणकण होती, आणि मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते.

खंडाळ्याच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी, रस्त्यावर बांबू आडवा टाकलेला होता. गाड्यांची रांग लागली होती. एका बाजूला टेबल मांडून पुण्याचे एक तरुण डॉक्टर बसले होते. बायकांना तपासायला पडद्यामागे एक बाई होत्या. त्यांनी माझा हात वर केला, काखेत बोटं घातली आणि मी किंकाळी फोडली. मग डॉक्टर आले.

"गाठ आहे. तापही आहे."

आबा हात जोडून म्हणाले, "सायब, काखमांजरी हाय ती. परवा दिशी आली. पोरास्नी हुती."

"असेलही काखमांजरी," डॉक्टर म्हणाले. आवाज वाईट नव्हता त्यांचा. दमलेला होता. "पण नसली तर? खाली घाट उतरला की गावंच्या गावं आहेत. मी हिला सोडू शकत नाही. इथं झोपडीत ठेवावं लागेल. मोठं माणूस एक राहू शकतं सोबत. बाकीच्यांनी तपासून घ्या आणि परत जा, नाहीतर पुढं जा."

आईनं किसनला छातीशी घट्ट धरलं. आबांनी बैलांकडे पाहिलं. तेवढ्यात तू गाडीतून उडी मारलीस. नव्या लुगड्याचा काष्टा नीट करत तू माझा हात धरलास.

आई ओरडली, "तू न्हाई! सगुणे, तुजं लगीन हाय!"

"मग ही येकटी ऱ्हाईल व्हय?" तू म्हणालीस.

"तिच्यासंगं मी ऱ्हाते. किसनला घ्या तुमी." आईनं किसनला आबांपुढे धरलं, तो रडायला लागला, ती त्याला पुन्हा उराशी घेऊन थांबली. तोवर तू मला घेऊन बांबूच्या बाजूनं निघालीसही होतीस. मागं वळून पाहिलं नाहीस.

तीस-बत्तीस वर्षं झाली असतील, अक्का. त्या चालण्यावरून आपण दोघी आयुष्यभर भांडलो.

झोपडी तट्ट्यांची, लांबट. जमिनीवर पेंढा. सगळीकडे फिनेलचा वास. आपले कपडे त्यांनी कशात तरी बुडवून काढले आणि ओलेच परत दिले. झोपडीभोवती दोरी बांधलेली होती, तिच्या आत आपण, बाहेर जग. दोरी होती केवढी? माझ्या गुडघ्याएवढी. कुणाची तरी शेळी ती रोज सहज ओलांडून आत यायची, आपल्या भाकरीचा तुकडा खायची आणि परत ओलांडून जायची. मी तिच्यामागे धावले की शिपाई काठी आपटायचा. तट्ट्याच्या फटीतून रस्ता दिसायचा. घाटाकडे उतरणाऱ्या गाड्या, त्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. त्या फटीला डोळा लावून मी बसून राहायची. मला वाटायचं, आपल्याला इथं ठेवून सगळे कुठंतरी चाललेत आणि परत कुणी या बाजूनं येणारच नाही. मला अजूनही बंद खोलीत झोप लागत नाही. घरात सगळे हसतात. भर थंडीत खिडकी उघडी ठेवते मी.

तुला तसं वाटत होतं का? मी कधी विचारलंच नाही. तू तर पहिल्याच दिवशी झोपडी झाडून काढलीस.

आपल्या शेजारी अमीनाबी होती. तळेगावची, बांगड्या विकणारी. तिचा तरणा मुलगा हसन मागच्या झोपडीत, आजाऱ्यांच्या. ती आणि तो घाट उतरून बाजाराला चालले होते आणि तो नाक्यावरच कोसळला. तिला त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. ती दिवसभर त्या बाजूच्या तट्ट्याला कान लावून बसायची. "खोकला ऐकला का गं लेकी? त्याचाच हाय." तू हो म्हणायचीस. मला नाही कधी ऐकू आला. तुला खरंच ऐकू यायचा का?

मग एका सकाळी खोकला खरोखरच थांबला. दोन माणसं डोलीवर पांढरं कापड घालून घेऊन निघाली, दोरीच्या पलीकडून, लांबून. अमीनाबीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं ते पाहिलं आणि तिच्या तोंडातून आवाजच निघेना. नुसती दोरीला धरून उभी. तेव्हा तू ओरडलीस. अक्का, तू कधी एवढ्यानं ओरडली नव्हतीस.

"थांबवा की! आय हाय त्याची हितं! तोंड तरी दाखवा तिला!"

डोलीवाले चालतच राहिले. शिपाई तुझ्याकडे आला. मावळातलाच माणूस, बोलण्यावरून. "गप ऱ्हा पोरी. मला हुकूम हाय."

"हुकूम तिला आत ठेवायचा हाय. डोली थांबवू नका असा हाय का?"

शिपाई तुझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं हात वर करून त्या माणसांना थांबवलं आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्यांनी कापड बाजूला केलं. अंतर बरंच होतं. अमीनाबीला काय दिसलं असेल कुणास ठाऊक. पण तिला आवाज फुटला. तिनं त्याचं नाव घेतलं, मग आणखी काही म्हणाली, दुवा असावी. डोली गेली. तू तिला बसवलंस, तिचं डोकं मांडीवर घेतलंस. मला हातानं लांब सारलंस, "तितंच बस, हिकडं येऊ नको." मला तेव्हा तुझा राग आला होता. आता कळतं, तू मला का लांब ठेवलंस. आणि स्वतः लांब का गेली नाहीस, तेही कळतं.

माझं गळू त्याच सुमाराला फुटलं. आपोआप. डॉक्टरांनी पाहिलं, हात धुतले, आणि म्हणाले, "गळूच होतं. तुझे वडील खरं सांगत होते." ते वरमले होते. मग म्हणाले, "पण आता इथल्या झोपडीतल्या बाईचा मुलगा गेला. मुदत भरल्याशिवाय तुम्हाला सोडता येणार नाही." म्हणजे मला काही नव्हतं, तरी आपण आत. आधी माझ्यामुळं आत होतो, आता आत होतो म्हणून आत. हे मी मोठेपणी पुष्कळांना सांगितलं. कुणी हसतं, कुणी च् च् करतं.

आबा रोज यायचे. आईला आणि किसनला लोणावळ्यात ओळखीच्यांकडे ठेवून ते नाक्याशी गाडी सोडायचे आणि दोरीपलीकडे उभे राहायचे. भाकरीचं फडकं शिपाई मधे ठेवायचा, आबा मागं सरायचे, मग तू जाऊन उचलायचीस. त्या दुपारी आबांनी फडकं ठेवलं आणि ते मागं सरले नाहीत. शिपायानं हटकलं, तरी नाही.

"सगुणा, त्येंचा निरोप आला."

"काय?"

आबांनी आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावर माणसं होती. हे मोठ्यानं बोलायचं नव्हतं त्यांना, आणि हळू बोलून ऐकू जाणार नव्हतं. "न्हाई म्हनले. पिलेगच्या झोपडीतली सून नको म्हनले."

तू म्हणालीस, "बरं." मग म्हणालीस, "बैलास्नी पानी पाजलं का?"

आबांनी मान हलवली आणि ते गेले. तू पाठ फिरवून तट्ट्याकडे तोंड केलंस. तुझे खांदे हलत होते. मी तुझा पदर ओढला, तू वळली नाहीस. तुझे ते हलणारे खांदे मी विसरले नाही. मला वाटलं, माझ्या काखेतल्या त्या घाणेरड्या फोडानं माझ्या बहिणीचं घर मोडलं.

मुदत भरली. आपण घाट उतरलोच नाही, गाडी परत बेडशाकडे वळली. आणि तेव्हापासून आईनं ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला. "आमच्या सगुणीनं आपल्या लग्नाची होळी केली, पर भनीला मरनाच्या दारातनं आनली." मी ताटावर बसलेली असो, शाळेला निघालेली असो. "चंद्रे, हिच्यामुळं तू हायेस. इसरू नको." तू वैतागायचीस. "आये, पुरे की! काखमांजरीतनं वाचवली म्हन!" आबा हसायचे. आई हसायची नाही. तिनं इतके आभार मानले, की माझ्यासाठी त्यातले काही उरलेच नाहीत. मी काय म्हणणार होते? जे म्हणायचं ते आईनं म्हणून, चावून, चोथा करून ठेवलेलं असायचं. मी तुझ्यापुढे नुसती मान खाली घालून उभी राहायची, आणि तुला वाटायचं मी तुला टाळते.

तुला बरीच वर्षं कुणी मागणी घातली नाही. मग आंबीचे दाजी आले. दोन मुलांचा बाप, बायको बाळंतपणात गेलेली. तू गेलीस. मला शाळेत घातलं, मी फायनलची परीक्षा पास झाले, माझं लग्न रेल्वेतल्या माणसाशी झालं, लोणावळ्यात मुलींना शिकवायला लागले. जे जे मला मिळालं त्या प्रत्येकापुढे तुझे हलणारे खांदे उभे राहायचे.

पहिल्या बाळंतपणानंतर मी आंबीला आले होते, तेव्हा शेवटी बोलले. दुपारची वेळ. तू परसात वाल सोलत होतीस. दाजी, त्यांच्या त्या मोजक्या शब्दांत, बाळाला "वा, वा" म्हणून शेतावर गेले होते. मी म्हणाले, "अक्का, तुझं लगीन माझ्यापायी मोडलं."

तू वाल सोलायचं थांबवलंस. "तुझ्यापायी? येडी हाईस का?"

"त्या दिवशी आबांनी निरोप सांगितला तेव्हा तू किती रडलीस. मी पाहिलंय."

"मी रडत न्हवते," तू म्हणालीस. "हसत व्हते मी."

मग तू मला सांगितलंस. साखरपुड्याला मामाच्या माजघरात बायका बोलत होत्या. त्या नवरदेवाची पहिली बायको होती. आडात पडली. पडली म्हणायचं एवढंच. तू ते ऐकलंस. आईला सांगितलंस. आई म्हणाली, "लोकं काय बी बोलत्यात." त्या दिवशी गाडीत कामशेतपासून तू गप्प होतीस ती म्हणून. "गाडी चालली व्हती आन मला उतरता येत न्हवतं, चंद्रे. मग त्या डाक्टरनं बांबू आडवा टाकला. पिलेगच्या झोपडीत ऱ्हायलेली सून कोन घेतंय? मला ठावं व्हतं. तुझ्यासाठी उतरले न्हाई मी. माझ्यासाठी उतरले."

मी लोणावळ्याला परतले ती हलकी होऊन. पण तो हलकेपणा फार टिकला नाही. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "कोन आड? कसली बायकू? असलं काईच न्हवतं. तुझ्या मनाला लागू नये म्हनून बोलली आसंल ती. तिचा सोबाव हायेच तसा." मामा तोवर गेले होते. खोपोलीच्या बाजूला विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मी अडकले, अक्का. तू खरं बोलत असशील, तर आईनं मुलीला जाणूनबुजून त्या घरी पाठवायला काढलं होतं. आई खरं बोलत असेल, तर तू माझ्यासाठी आणखी एक खोटं रचलंस, आणि माझ्यावरचं ओझं कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झालं. कुणाही एकीवर विश्वास ठेवायचा तर दुसरीवरचा सोडावा लागत होता.

मग मी तुला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दिवाळीला, रामाच्या लग्नात, दाजी गेले त्या वर्षी. तू दर वेळी म्हणायचीस, "सांगितलं न्हवं येकदा?" आणि मी दर वेळी म्हणायची, "आई तर नाही म्हणते." एकदा तू भडकून म्हणालीस, "मग आयलाच बहीन कर!" वर्षभर आपण बोललो नव्हतो त्यापायी. आई गेली. तिच्याबरोबर उत्तर गेलं असं मला वाटलं, आणि तुलाही विचारायचं मी सोडलं.

आणि मग आत्ता, या पावसाळ्याच्या शेवटाला, तू आजारी पडलीस. रामाचा निरोप आला. मी तुला माझ्याकडे आणायचं ठरवलं. लढाईमुळं आगगाड्या पलटणींनी भरलेल्या, आजारी माणसाला चढवणार कसं? म्हणून तळेगावातून मोटार केली, कोळशाच्या गॅसवर चालणारी, मागं भली मोठी टाकी लावलेली. चढ आला की ती थांबायची आणि ड्रायव्हर उतरून कोळसा ढवळायचा. तुझं डोकं माझ्या मांडीवर. अंगावर गोधडी.

कामशेतच्या अलीकडे नाका. आता प्लेगचा नाही, तांदळाचा. तांदूळ इकडचा तिकडे न्यायला बंदी, म्हणून प्रत्येक गाडी उघडून पाहायची. पुढच्या मोटारीत काहीतरी सापडलं होतं आणि सगळं खोळंबलं होतं. ऊन चढलं होतं. मोटारीत कोंडल्यासारखं झालं होतं, मी सारखी काच खाली करायला पाहत होते आणि ती अडकली होती.

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "नाका आला का?"

"हो."

"आपला जलमच गेला नाक्यावर," तू म्हणालीस आणि हसलीस. हसताना खोकला आला.

आणि मी, अक्का, मला अजून लाज वाटत नाही त्याची, मी तिथं तुला विचारलं. "अक्का, खरं सांग. आता तरी. कुणासाठी उतरलीस?"

"आता बी तेच?"

"मला खरं पाहिजे."

तू डोळे उघडलेस. रागावली होतीस. आजारपणातही तुला राग पुरेपूर येत होता, ते पाहून मला बरं वाटलं. "तेराची व्हते गं मी. तेराच्या पोरीच्या मनात येकच काय ते आसतं व्हय? आड आठवला. तुझा हात तापला व्हता. आय किसनला घिऊन रडत व्हती. मला कुनाचं काय ठावं? पाय खाली टाकला. तू त्याला येक नाव लावाया बघती, आयनं दुसरं लावलं. माझा पाय व्हता तो."

मी काही बोलणार, तेवढ्यात शिपायानं दार उघडलं. पोरसवदा होता. त्यानं तुझ्या गोधडीकडे बोट केलं. "काय आहे खाली? उठवा त्यांना."

आयुष्यात मी कुठल्याही नाक्यावर तोंड उघडलं नव्हतं. आबांचा जाणारा आवाज माझ्याही गळ्यात होता. मला वाटतं, तुझंच बोलणं कानात घोंगावत होतं म्हणून मी बोलू शकले. मी म्हणाले, "माझी बहीण आहे खाली. आजारी आहे. तपासायचं असेल तर आत येऊन बसा आणि हात लावून बघा. तिला उठवणार नाही मी."

तो वरमला. गोधडीला हात न लावता त्यानं दार लावलं. तू डोळे मिटून पुटपुटलीस, "वरडायचं न्हाई का जरा. मी वरडले असते." मग म्हणालीस, "पानी दे."

आपलं बोलणं तिथंच राहिलं. माझ्या घरी तू शेवटचे जे काही दिवस होतीस त्यात आपण पुष्कळ बोललो. रामाच्या पोरींविषयी, अमीनाबीविषयी, दाजींविषयी. दाजी चांगले होते, हे तू पहिल्यांदाच माझ्यापाशी म्हणालीस. "कदी आवाज चढवला न्हाई. मला आवडायचे ते." मला हे ठाऊकच नव्हतं. तुझ्या लग्नाकडे मी इतकी वर्षं माझ्या चुकीची शिक्षा म्हणून पाहत राहिले, की तू त्यात सुखी असशील असं मनातसुद्धा आलं नाही माझ्या. घाटावरच्या त्या बायकांनाही ठाऊक नाही. त्या म्हणतात, सोसलं. मी त्यांना सांगायला हवं होतं की तुला ते आवडायचे.  पुढच्या वेळी सांगेन.

दहाव्याहून परत येताना रामानं तीच मोटार करून दिली. मी एकटीच. कामशेतच्या नाक्यावर शिपाई आत डोकावला.

"बाई, सामान काय?"

"काही नाही."

त्यानं हात हलवला, बांबू वर गेला, मोटार निघाली. कुठल्याही नाक्यावरून इतक्या झटकन मी कधी सुटले नव्हते. बरं वाटायला हवं होतं. थोडं पुढं गेल्यावर मी ड्रायव्हरला थांब म्हणाले.

त्यानं मान वळवली. "काय ऱ्हायलं का बाई मागं?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यानं मोटार बाजूला घेतली. माझ्या तोंडाकडे पाहून तो काही विचारायचा थांबला, खाली उतरला, मागं जाऊन कोळशाच्या टाकीशी उगाच काहीतरी खुडबुड करत राहिला. तू गेल्यापासून मी रडले नव्हते, अक्का. तिथं रस्त्याच्या कडेला रडले, मोठ्यानं, तुझ्यासारखी. तो माणूस बिचारा मी थांबेपर्यंत पुढं आला नाही.